जुन्नर दोन दिवसांत: कुठून सुरू करायचं, कुठे वेळ द्यायचा

जुन्नरला जाऊन आलो म्हणजे बहुतेकदा सकाळी शिवनेरी, दुपारी लेण्याद्री, परतीच्या वाटेवर ओझर आणि रात्री घर. गाव मधल्यामध्ये राहून जातं, आणि ज्याच्या जिवावर हे गाव वसलं तो नाणेघाट पाहायचाच राहतो. सातवाहनांच्या काळात पैठणकडून आलेला माल जुन्नरवरून नाणेघाट उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जायचा. व्यापारी आले, पैसा आला, त्या पैशातून डोंगरात लेणी कोरली गेली. घाटवाटेवर नजर ठेवायला चावंड, जीवधन, हडसर, शिवनेरी हे किल्ले होतेच. म्हणून शनिवार-रविवार हाताशी असतील तर क्रम घाट धरून लावायचा. खालचा बेत पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे. तीनशे पायऱ्या थांबत थांबत चढता येत असतील तर पुरे.

कधी जायचं, कधी नाही

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा हा सगळ्यात चांगला काळ. हवा स्वच्छ असते, लांबचे डोंगर ओळखता येतात आणि कातळ तापत नाही. मार्च ते मे जायचंच असेल तर चढाई सकाळी दहाच्या आत संपवा. उन्हाळ्यात अनवाणी देवळाकडे जाताना दगडाचे चटके बसतात ते वेगळेच.

पावसाळ्यात नाणेघाटावर वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा पाहायला गर्दी लोटते. दृश्य खरंच पाहण्यासारखं आहे, पण त्याच दिवसांत धुक्यामुळे चार हातांवरचं दिसत नाही, घाटातले दगड शेवाळलेले असतात आणि शनिवार-रविवारी अरुंद रस्त्यावर गाड्या अडकून पडतात. प्रशासन अधूनमधून पर्यटकांवर बंदीही घालतं. निघण्याआधी स्थानिक बातम्या पाहा. शिलालेख पाहायचा असेल तर पावसाळा टाळलेलाच बरा.

पंचांग उघडून पाहायला विसरू नका. लेण्याद्री आणि ओझर ही दोन्ही अष्टविनायकांची ठिकाणं, त्यामुळे संकष्टीला, विशेषतः अंगारकीला, आणि गणेश जयंतीच्या सुमारास खोली मिळणं आणि गाडी लावणं दोन्ही अवघड जातं. शिवजयंतीला, म्हणजे १९ फेब्रुवारी आणि तिथीप्रमाणे फाल्गुन वद्य तृतीया या दोन्ही दिवशी, शिवनेरीवर सोहळा असतो. सोहळ्यासाठी जाणार असाल तर तो दिवस त्यालाच द्या. किल्ला निवांत पाहायला मात्र दुसरी तारीख निवडा.

पोचायचं कसं

पुण्याहून जुन्नर साधारण ९५ किलोमीटर. नाशिक रस्त्याने चाकण, राजगुरुनगर, मंचर करत नारायणगाव आणि तिथून डावीकडे सुमारे १५ किलोमीटर. इथे नवख्यांची एक चूक ठरलेली: बाह्यवळण रस्ता गावाला बगल देऊन पुढे जातो आणि गप्पांच्या नादात गाडी थेट आळेफाट्याला पोचते. नारायणगावच्या अलीकडे पाट्यांवर लक्ष ठेवा. मोशी-चाकणचा पट्टा शनिवारी सकाळी आठनंतर अंत पाहतो, तेव्हा पुण्यातून सहाच्या आत बाहेर पडा किंवा सरळ शुक्रवारी रात्री मुक्कामाला या. दुसरा पर्याय जास्त चांगला.

मुंबई-ठाण्याकडून कल्याण, मुरबाड, माळशेज घाट चढून वर यायचं आणि ओतूरच्या अलीकडे बनकर फाट्याला उजवीकडे वळायचं. पावसाळ्यात माळशेजमध्ये दरडी पडतात; त्या दिवसांत रात्री हा घाट नको.

गाडी नसेल तरी अडत नाही. पुण्याहून जुन्नरच्या थेट एसट्या आहेत, नाहीतर नाशिककडे जाणाऱ्या कुठल्याही गाडीने नारायणगावला उतरून पुढे एसटी किंवा वडाप. लेण्याद्री आणि शिवनेरीच्या पायथ्यापर्यंत रिक्षा मिळते. प्रश्न येतो तो फक्त नाणेघाटाचा. घाटघरकडे एसट्या मोजक्या आहेत आणि जाणारी मिळाली तरी परतीची मिळेल याचा भरवसा नाही. त्यासाठी शनिवारी दुपारपुरती जीप ठरवा. भाडं बोलतानाच थांबण्याचे तास आणि वाटेतलं कुकडेश्वर धरून बोला, नाहीतर घाटावर पोचल्या पोचल्या चालक हॉर्न वाजवायला लागतो.

मुक्काम

तीन जागा सोयीच्या. जुन्नर गावातले लॉज साधे, पण जेवण, एसटी आणि पेठ हाताशी. लेण्याद्रीच्या पायथ्याचं देवस्थानचं भक्तनिवास शनिवारी पहाटे चढायचं असेल तर उत्तम. ओझरलाही भक्तनिवास आहे, मात्र तिथून नाणेघाट लांब पडतो. माळशेजला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे. ते सुंदर असलं तरी या बेतासाठी आडवाटेला आहे. फोन करून खोली पक्की करा, आणि गरम पाणी किती वाजता मिळतं ते विचारून घ्या. साडेपाचला उठायचं असतं आणि पाणी सातला येतं.

शनिवार सकाळ: लेण्याद्री

साडेसहा-सातला पायथ्याशी असावं. नऊनंतर अष्टविनायक यात्रेच्या बस यायला लागतात आणि पायऱ्यांवर रांग लागते. तीनशेच्या आसपास पायऱ्या, सावकाश अर्धा तास. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली मिळते. पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं. ऑनलाइन काढता येतं, पण नेटवर्कच्या भरवशावर राहू नका, सुटे पैसे जवळ ठेवा.

माकडांबद्दल आधीच सांगून ठेवायला हवं. हातात पिशवी दिसली की ती ओढायची, एवढंच त्यांना कळतं. प्रसाद, केळी, बाटली, सगळं पाठीवरच्या बंद सॅकमध्ये. चष्मा घालणाऱ्यांनी त्यांच्या अगदी जवळून फोटो काढू नये.

वर गिरिजात्मजाचं देऊळ म्हणजे मुळात सातव्या क्रमांकाचं लेणं, बौद्ध भिक्खूंचा विहार. आत गेल्यावर दर्शनाच्या रांगेत मान खाली घालून उभे राहू नका. एकदा छताकडे आणि भोवती पाहा. एवढं प्रशस्त दालन आणि मधे एकही खांब नाही. डाव्या-उजव्या भिंतीत सात-सात आणि मागे सहा अशा वीस खोल्या. मागच्या भिंतीतल्या दोन खोल्या पुढे एक करून तिथे गणपती आला.

दर्शन झालं की बहुतेक जण उतरायला लागतात. तुम्ही शेजारच्या सहाव्या लेण्यात शिरा. हे चैत्यगृह, म्हणजे स्तूपाच्या पूजेचं दालन: खांबांच्या डोक्यावर हत्ती, सिंह बसलेले, आत स्तूप. दर्शनी भिंतीवर ब्राह्मीतला लेख आहे आणि त्यात दान देणारा सांगतो की तो कल्याणचा, हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त. हेरणिक म्हणजे सोन्याचा व्यवहार करणारा. कल्याणच्या सोनाराला जुन्नरच्या डोंगरात चैत्य खोदून घ्यावासा का वाटला, याचं उत्तर दुपारी नाणेघाटात मिळतं. लेण्याद्रीला एकूण तीसेक लेणी आहेत. सगळी पाहायची गरज नाही, बरीचशी साध्या खोल्या आहेत. दोन तासांत आटपून दहापर्यंत खाली या, नाश्ता करा, थोडे आडवे व्हा.

शनिवार दुपार: कुकडेश्वर आणि नाणेघाट

बाराच्या सुमारास जेवून निघा. पेट्रोल आणि पैसे जुन्नरमध्येच घ्या, पुढे दोन्हींचा भरवसा नाही, मोबाइलची रेंजही जाते-येते. आपटाळे, चावंड, पूर, घाटघर असा तीसेक किलोमीटरचा रस्ता आहे. वळणं आणि खड्डे धरून तास ते सव्वा तास. वाटेत डावी-उजवीकडे चावंडचा उभा कडा दिसत राहतो. तो चढायचा मोह आज नको, त्यालाच अर्धा दिवस लागतो.

पूर गावात कुकडेश्वराचं जुनं शिवमंदिर आहे, कुकडी नदीच्या उगमाजवळ. कळस नसलेलं, पण भिंतींवरचं कोरीवकाम जवळ जाऊन पाहण्यासारखं. अर्धा तास पुष्कळ.

नाणेघाटावर गाडी अगदी माथ्यापर्यंत जाते. उतरल्यावर समोर दगडाचा भलामोठा रांजण दिसेल. जकातीची नाणी त्यात टाकत असत असं सांगतात. त्याच्या पुढे दोन कड्यांच्या मधून दगडी फरसबंदीची चिंचोळी वाट कोकणात उतरते. लोक रांजणाजवळ फोटो काढतात, कड्यावर जाऊन वारा खातात आणि परततात. लेणं काही पावलं खाली आहे हे त्यांना माहीतच नसतं. त्या वाटेने पाच-सात मिनिटं खाली उतरा, डोंगराच्या पोटात खोदलेली खोली लागेल.

इथे किमान अर्धा तास काढा आणि टॉर्च न्या. मोबाइलचा दिवा चालतो, पण अक्षरावर समोरून धरला तर सगळं सपाट दिसतं. भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा धरा, म्हणजे खाचांत सावली पडते आणि झिजलेलं ब्राह्मी अक्षर वर येतं. डाव्या-उजव्या भिंतींवरचा लांबलचक लेख सातवाहन राणी नागनिकेचा मानला जातो. सुरुवातीला देवांना नमन, त्यात इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य. मग अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची यादी आणि प्रत्येक वेळी दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापण नावाची नाणी यांचे आकडे. हे आकडे अंकचिन्हांत लिहिलेले आहेत, म्हणून गणिताच्या इतिहासातही या भिंतीचं नाव निघतं. मागच्या भिंतीवर पूर्वी राजघराण्यातल्यांचे पुतळे होते. आज फक्त पायांच्या खुणा आणि वर नावं: सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, आणखी काही. भिंतीला हात लावू नका, अक्षरं खडूने किंवा पाण्याने ‘उठवू’ नका. त्यावर आधीच लोकांनी आपापली नावं कोरून ठेवली आहेत, ते नुकसान पुरेसं झालं.

लेण्यापासून खाली वैशाखऱ्याकडे वाट जाते. तिकडून चढून यायला दोन-तीन तास लागतात, यावरून लदलेल्या बैलांचे काय हाल होत असतील त्याचा अंदाज घ्या. पण आज तुम्ही खाली जाऊ नका. वर येऊन नानाचा अंगठा म्हणतात त्या कड्याच्या बाजूला बसा, तिथून कोकण दिसतं. डावीकडे जीवधन आणि त्याला खेटून उभा वानरलिंगीचा सुळका. काठावर कठडा नाही आणि वारा झोत मारतो, मुलांचे हात सोडू नका. प्रसाधनगृहाची सोय नाही असंच धरून चाला. पाचला निघायचं, सूर्यास्तासाठी रेंगाळायचं नाही. अंधारात हा रस्ता नवख्याने चालवू नये.

कारण फक्त रस्ता नव्हे. जुन्नर तालुक्यात उसाच्या शेतांमुळे बिबट्यांचा वावर मोठा आहे. दिवसा मुख्य रस्त्यावर घाबरायचं कारण नाही, पण तिन्हीसांजेनंतर उसाच्या कडेने पायी फिरणं, लघवीला म्हणून आडोशाला वाकून बसणं, लहान मुलांना मागे ठेवून चालणं या तीन गोष्टी करू नका. गावकरीसुद्धा करत नाहीत.

रविवार सकाळ: शिवनेरी

पुन्हा लवकर. एसटी स्टँडपासून पायथा दोन-तीन किलोमीटर, गाडी वाहनतळापर्यंत जाते. तिथून बांधीव पायऱ्यांची वाट आणि सात दरवाजे: महादरवाजा, पीर, परवानगी, हत्ती, शिपाई, फाटक आणि कुलाबकर. नवख्याला चढायला पाऊण-एक तास, सगळं पाहून परत खाली यायला तीन-साडेतीन तास धरा. माणशी दोन लिटर पाणी घ्या. किल्ल्यावर टाकी भरपूर आहेत, ती पिण्यासाठी नव्हेत असं समजा.

किल्ल्याच्या दुसऱ्या अंगाने साखळीची वाट आहे: कातळात खोदलेल्या पावठ्या आणि धरायला लोखंडी साखळी. व्हिडिओत सोपी दिसते. पहिल्या खेपेला, एकट्याने किंवा ओल्या कातळावर ती नको.

पाचवा, म्हणजे शिपाई दरवाजा ओलांडला की मुख्य वाट सोडून उजवीकडे शिवाई देवीच्या देवळाकडे जाता येतं. घाईत चढणाऱ्यांकडून हे हमखास सुटतं. देवळामागच्या कड्यात जुनी बौद्ध लेणी आहेत, म्हणजे किल्ला होण्याच्या कितीतरी आधीपासून या डोंगरावर माणसांची वस्ती होती. तिथून परत मुख्य वाटेला या.

शेवटचा दरवाजा पार केला की समोर अंबरखाना, धान्याचं कोठार. इथे दोन वाटा फुटतात. एक टेकाडावर कोळी चौथरा आणि ईदगाहकडे जाते. मुघलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांच्या कत्तलीची आठवण या चौथऱ्याशी जोडलेली आहे, आणि तिथे बहुधा कोणी नसतं. दुसरी वाट गंगा-जमुना टाक्यांवरून शिवकुंजाकडे. समोर कमानी मशीद, पुढे हमामखाना, मग शिवजन्मस्थानाची दुमजली इमारत. १९ फेब्रुवारी १६३० ला महाराजांचा जन्म झाला ती खोली खालच्या मजल्यावर आहे. पादत्राणं बाहेर, आवाज बेताचा. त्यासमोर बदामी तलाव आणि सगळ्यात शेवटी कडेलोट टोक. स्वच्छ हवेत इथून लेण्याद्रीचा डोंगर दिसतो आणि पश्चिमेकडच्या रांगेत काल पाहिलेला चावंड ओळखू येतो.

एक गोष्ट वर उभं राहून मुलांना जरूर सांगा. महाराजांनी १६५७ मध्ये जुन्नर शहर लुटलं, पण जन्माचा हा किल्ला त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. १६७३ मध्ये जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य इथे येऊन गेला. त्याने नोंदवलंय की गडावर हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल एवढी शिधासामग्री होती. अंबरखाना आणि टाकी पाहून ते पटतं. किल्ला मराठ्यांकडे आला तो १७१६ मध्ये, शाहू महाराजांच्या काळात. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या बारा मराठा किल्ल्यांत शिवनेरी आहे.

मधमाश्यांचं काय करायचं

शिवनेरी, लेण्याद्री आणि लेण्यांचा मानमोडी डोंगर, तिन्हीकडच्या कड्यांना आग्या मोहोळ असतात. हल्ले झालेले आहेत. बहुतेक वेळा कारण माणूसच: धूर, फटाका, दगड, ड्रोन, नाहीतर अंगावर ओतलेला अत्तराचा फवारा. पोळं दिसलं तर आवाज न करता खालून निघून जा. माश्या उठल्याच तर हात झाडत उभे राहू नका. डोकं-तोंड कापडाने झाका आणि लगेच शक्य तितकं लांब जा. पाण्याच्या टाक्यात उडी मारणं हा तर शुद्ध वेडेपणा, माश्या वर घोंघावत थांबतात. प्रत्येकाकडे एक ओढणी किंवा मोठा पंचा असावा, उन्हालाही कामी येतो.

मासवडी

खाली उतरेपर्यंत साडेअकरा वाजतात. या भागात येऊन मासवडी न खाता जाणं बरं नव्हे. मासा त्यात नसतो, शाकाहाऱ्यांनी बिनधास्त मागवावी. घट्ट शिजवलेलं बेसन ओल्या फडक्यावर पातळ थापतात, त्यावर भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, खसखस, कांदा-लसूण यांचं सारण पसरतात, फडक्यानेच गुंडाळी करून दाबतात आणि वड्या कापतात. सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. वडी रस्स्यात आधीच बुडवून ठेवू नका, फुटते. भाकरी कुस्करून रस्सा घ्यावा आणि वडी वरून. हे घाईने होणारं जेवण नाही. सकाळी गडाकडे जातानाच खानावळीत माणसं आणि वेळ सांगून ठेवा, नाहीतर ‘संपली’ किंवा ‘तास लागेल’ ऐकायची तयारी ठेवा.

उरलेले दोन तास

जेवणानंतर एकच जागा निवडा. वेगळं काही हवं असेल तर तुळजा लेणी, गावापासून पश्चिमेला चार-पाच किलोमीटर. चैत्यगृह म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लांबट दालन येतं. इथलं गोल आहे, मधे स्तूप आणि भोवती बारा अष्टकोनी खांब, नक्षी जवळजवळ नाही. जुन्नरच्या सगळ्यात जुन्या लेण्यांपैकी हे. परिसरात दोनशेहून जास्त लेणी आहेत, त्यात एकच जास्तीचं पाहायचं तर हेच पाहा.

दमला नसाल तर मानमोडी. भूतलेण्याच्या कमानीवर हत्तींसह लक्ष्मी कोरली आहे. याच डोंगरातल्या लेखांत चंद नावाच्या यवनाचं, म्हणजे ग्रीकाचं, दान आहे आणि नहपान या क्षत्रप राजाच्या अयम नावाच्या अमात्याचंही. मात्र वाट घसरडी, पाट्या अपुऱ्या, वर मधमाश्या. गावातल्या माहीतगाराला बरोबर घेतल्याशिवाय जाऊ नका.

चढायचं नसेल तर हापूसबागेतला सौदागर घुमट, एक जुना मकबरा. १४९० मध्ये मलिक अहमदने बहमनींपासून वेगळं होऊन निजामशाही उभी केली ती याच जुन्नरात. राजधानी नगरला नंतर गेली. शेतांच्या मधे उभी ही एकाकी इमारत पाहिली की त्या काळच्या शहराच्या पसाऱ्याची थोडी कल्पना येते.

खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, हीसुद्धा याच भागात, पण आधी परवानगी घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. तिला वेगळा वार काढा. चैत्राच्या तोंडावर आलात तर नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात आणि गावोगावचे लोक जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला आलेले दिसतात. पाच मिनिटं थांबून बघण्यासारखा बाजार आहे.

जुन्नरमधून तीनच्या आत गाडी काढा. ओझरचं दर्शन धरलं असेल तर दोनलाच. चारनंतर निघालात तर रविवारी परतणारं सगळं पुणं तुमच्या पुढे असतं, आणि राजगुरुनगर ते मोशी हा रस्ता सकाळच्या दुप्पट वेळ खातो. मुंबईकरांनी माळशेज उजेडी उतरावा.